घरचे शेण, राख व सांडपाणी यांचा योग्य विनियोग

शेतकऱ्याच्या घरातून दररोज चार वस्तू बाहेर पडतात : गोठ्यातील शेणमूत्र, चुलीतील राख, घरातील केरकचरा आणि मोरीतील सांडपाणी. या वस्तू घरच्याच असल्यामुळे व त्यांच्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नसल्यामुळे घरच्या हिशेबात त्यांची नोंद सहसा होत नाही. परिणामी शेतात जावयाचे शेण चुलीत जळते, परसात मुरावयाचे पाणी रस्त्यावर साचते, आणि त्याच घरच्या कर्त्या पुरुषास हंगामाच्या तोंडावर खताच्या पोत्यासाठी रांगेत उभे राहावे लागते. या चारही वस्तूंचा विनियोग थोड्या खर्चात व घरच्या श्रमात कसा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. सर्वांत मोठा लाभ व सर्वांत मोठी हानी शेणाच्या बाबतीत होत असल्यामुळे त्याचा विचार प्रथम व अधिक विस्ताराने केला आहे.

शेणाचा वार्षिक हिशेब

गाय किंवा बैल दिवसाकाठी सुमारे १० किलो व म्हैस सुमारे १५ किलो ओले शेण टाकते. जनावरे रानात चरावयास जात असल्यास त्यातील बराचसा भाग माळावरच राहतो. गोठ्यात बांधलेल्या जनावरांचे मात्र जवळजवळ सर्व शेण हाती लागते. एका बैलजोडीसह एक गाय व एक म्हैस असलेल्या घरी रोज ४० किलो शेण गोळा होते असे धरले, तर वर्षाचे साडेचौदा हजार किलो होते. ओल्या शेणात शेकडा ०.३ नत्र धरले तरी त्यात ४० किलोंहून अधिक नत्र असते. युरियाच्या भाषेत सांगावयाचे तर ही ४५ किलोंची सुमारे दोन पोती झाली. शेणातील नत्र पिकास सावकाश मिळते, सबब ते एकाच हंगामात युरियाप्रमाणे काम करील अशी अपेक्षा करू नये. परंतु शेणाबरोबर स्फुरद, पालाश व सेंद्रिय द्रव्य जमिनीस मिळते, आणि जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्ती या सेंद्रिय द्रव्यावर अवलंबून असते. ते युरियाच्या कोणत्याही पोत्यातून मिळत नाही.

गोवरी जळते तेव्हा तिच्यातील नत्र व सेंद्रिय द्रव्य ही दोन्ही हवेत निघून जातात. मागे राखेत पालाश, चुना व थोडे स्फुरद एवढेच उरते. बहुतेक गावांत पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत म्हणून शेण उकिरड्यावर पडते, आणि दिवाळीनंतर उन्हे पडू लागली की गोवऱ्या थापण्यास आरंभ होतो. म्हणजे जमिनीच्या वाट्याला काही महिन्यांचे शेण येते व चुलीच्या वाट्याला उरलेल्या महिन्यांचे. कोकणात भातरोपांसाठी राब भाजण्याची जी चाल आहे, तिच्यातही पालापाचोळ्याबरोबर शेण जळून जाते. गादीवाफ्यावर रोपे तयार केल्यास ते वाचू शकते.

जनावरांच्या मूत्राकडे तर शेणाहूनही अधिक दुर्लक्ष होते. वस्तुतः मूत्रात नत्र व पालाश यांचे प्रमाण शेणापेक्षा अधिक असते. गोठ्याची जमीन कच्ची असल्यास ते तेथेच मुरते व गोठ्यात चिखल होतो. जनावरांखाली रोज संध्याकाळी कोरडी माती, भुसा किंवा जनावरांनी टाकलेला कडब्याचा चुरा पसरून सकाळी तो शेणाबरोबर उचलावा. यास एक पैसाही खर्च येत नाही, जनावरे कोरड्यात बसतात आणि खताचा कस वाढतो.

गोबरगॅस : इंधनही आणि खतही

शेण जाळले तर खत जाते आणि खतात घातले तर सरपण कोठून आणावयाचे, अशी अडचण शेतकरी मांडतात, व ती खरी आहे. या अडचणीतून मार्ग काढण्याचे प्रयत्न आपल्या देशात फार जुने आहेत. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात १८९७ साली मैल्यापासून ज्वालाग्राही वायू तयार करण्यात आला होता. १९३९ मध्ये नवी दिल्ली येथील कृषि संशोधन संस्थेत देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचे सुटसुटीत संयंत्र बनविले, व पुढील दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीमुक्ती, संडास व खत हे तीन प्रश्न एकत्र हाताळले, तेही याच काळात. १९८४ साली घुमटाच्या आकाराचे, जमिनीखाली विटांनी बांधावयाचे ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आले. त्यात गंजणारी लोखंडी टाकी नसल्यामुळे ते स्वस्त पडते. मात्र घुमटाचे बांधकाम शिकलेल्या गवंड्याकडूनच करवून घ्यावे लागते.

यातील शास्त्र सोपे आहे. हवा न लागता शेण कुजले म्हणजे सूक्ष्म जंतू त्यातील कर्बयुक्त द्रव्याचे मिथेन व कार्बन डायऑक्साइड या वायूंत रूपांतर करतात. मिथेन जळतो. नत्र, स्फुरद व पालाश हे मात्र राबडीत, म्हणजे संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या स्लरीत, राहतात. अशा रीतीने चुलीला वायू मिळतो व शेतास खतही मिळते. २५ किलो ओल्या शेणापासून सुमारे एक घनमीटर वायू तयार होतो, आणि एक घनमीटर वायूची उष्णता ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतकी भरते. दोन घनमीटरचे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालल्यास महिन्याकाठी १४.२ किलोंच्या सुमारे पावणेदोन सिलिंडरांइतके इंधन देते. गोवरीच्या उष्णतेपैकी साध्या चुलीत जेमतेम दहावा हिस्सा भांड्यास लागतो, तर गोबरगॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक. म्हणून तेच शेण वायूच्या मार्गाने गेल्यास अधिक अन्न शिजविते.

दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. ते चार ते पाच जनावरांचे झाले. शेण व पाणी समप्रमाणात घेऊन त्यातील काडीकचरा व खडे काढून टाकावेत आणि गुठळी राहणार नाही असे कालवावे. जागा स्वयंपाकघर व गोठा या दोहोंस जवळ, दिवसभर ऊन लागणारी व विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावी. मोठे झाड शेजारी असल्यास त्याची मुळे बांधकामास तडे पाडतात. संयंत्र प्रथम भरल्यावर आरंभी येणारा वायू बहुधा जळत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड अधिक असतो. तो मोकळ्या हवेत सोडून द्यावा व त्या वेळी जवळपास विडी किंवा दिवा आणू नये. सिलिंडरच्या शेगडीवर हा वायू नीट जळत नाही. त्याच्यासाठी मोठ्या छिद्राची वेगळी शेगडी घ्यावी लागते, ही गोष्ट पुष्कळांना संयंत्र बांधून झाल्यावर कळते.

बंद पडलेली संयंत्रे

गावोगाव संयंत्रे बांधली गेली आणि त्यातील कित्येक बंदही पडली. ग्रामकार्यकर्त्यांनी नवीन संयंत्राची शिफारस करण्यापूर्वी गावातील बंद संयंत्र आधी पाहून घ्यावे. त्यातून जे कळते ते कोणत्याही पुस्तिकेत मिळणार नाही. बहुतेक ठिकाणी कारण एकच आढळते. अनुदान मिळते म्हणून घरच्या शेणास न झेपणारे मोठे संयंत्र बांधले गेले, किंवा बांधल्यानंतर ट्रॅक्टर आला आणि बैल विकले गेले. अर्धपोटी ठेवलेले संयंत्र वायू देत नाही, व ज्या दिवशी भाकरी अर्धी कच्ची राहते त्या दिवसापासून घरातील माणसांचा त्यावरील विश्वास उडतो. दोनच जनावरे असलेल्या घरी दोन घनमीटरचे संयंत्र बांधू नये. तेथे एक घनमीटरचे पुरेल किंवा मुळीच नको, याचा निर्णय प्रत्यक्ष शेण आठ दिवस मोजून घ्यावा. थंडीत २० अंशांखाली तापमान उतरले म्हणजे वायू कमी होतो. अशा दिवसांत शेण उन्हात तापलेल्या पाण्याने कालविल्यास थोडा उपयोग होतो. नळीत साचलेले पाणी काढले नाही म्हणून शेगडी विझते आणि संयंत्र बिघडले असे समजून ते टाकून दिले जाते, असेही घडते. नळीस उतार देऊन सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी बसवावी.

गळक्या संयंत्राची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. न जळता हवेत जाणारा मिथेन वातावरण तापविण्याच्या बाबतीत शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून अधिक प्रभावी आहे. सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहिल्यास गळती तत्काळ सापडते.

आणखी एक बाब विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. संयंत्राची बोलणी घरच्या पुरुषाशी होतात, अर्जावर सही त्याची असते, आणि रोज शेण कालविण्याचे काम बाईच्या अंगावर येते. गोवऱ्या थापणे हे तिचेच काम, आणि पुष्कळ घरी गोवऱ्या विकून येणारे चार पैसेही तिचेच असतात. संयंत्र बांधल्याने ते पैसे बंद होतात. दुसऱ्या बाजूस धूर थांबतो, काळी भांडी घासण्याचा वेळ वाचतो व डोक्यावरून सरपण आणावे लागत नाही. हा जमाखर्च तिच्यासमोर मांडून, तिची संमती घेऊन व कालविण्याचे काम घरात वाटून देऊनच बांधकामास हात घालावा. जेथे असे झाले नाही तेथे पहिल्या पावसाळ्यातच मिश्रणकुंडी कोरडी पडलेली आढळते. अनुदानाचे दर व अटी वेळोवेळी बदलतात. त्यांची माहिती पंचायत समितीच्या कृषि विभागाकडून घ्यावी.

ज्या घरी चूल राहणारच

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यानंतर लक्षावधी घरी सिलिंडर पोहोचले. तरीही आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण व मोठ्या भाकरीचा स्वयंपाक अजून पुष्कळ ठिकाणी चुलीवरच होतो. चूल राहणार असेल तर ती निर्धूर तरी असावी. चुलीचा धूर डोळे चुरचुरण्यापुरता त्रासदायक आहे अशी समजूत आहे, ती चुकीची होय. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसात खोल जातात. दमा व फुप्फुसांचे जुनाट विकार यांस तो कारण होतो व लहान मुलांत न्यूमोनियाचा धोका वाढवितो. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारास तयार झालेली मगनचूल हा या दिशेने झालेला एक आरंभीचा प्रयत्न होता. आज अनेक नमुने उपलब्ध आहेत. धुराडे छपराच्या वर निघालेले असावे व महिन्यातून एकदा त्यातील काजळी काढावी, एवढे पाळले गेले नाही तर कोणताही नमुना सहा महिन्यांत धूर परत घरात सोडू लागतो.

सरपण वाळलेले असावे. तुराट्या व पऱ्हाट्या बांधावर जाळून टाकण्याऐवजी सरपणास वापराव्यात, म्हणजे तेवढ्या गोवऱ्या वाचतील. मात्र पऱ्हाट्यांचे ढीग उन्हाळाभर शेताजवळ रचून ठेवू नयेत, कारण त्यांवरील वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. डाळ व कडधान्य आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे आणि वैलावर पाण्याचे भांडे चढविणे या गोष्टी प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहेत. येथे त्यांची केवळ आठवण द्यावयाची आहे. चूल पेटविण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घालण्याची जी नवी सवय लागली आहे, ती मात्र सर्वस्वी सोडली पाहिजे. तिचा धूर विषारी असतो व तो शिजत्या अन्नाजवळच श्वासात जातो.

उकिरडा आणि नाडेप टाकी

इंदूर येथील संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी शेण, मूत्रमिश्रित माती व काडीकचरा यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची पद्धत सिद्ध केली व १९३१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात ढीग वारंवार उलथावा लागतो, म्हणून मजुरी अधिक पडते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी बसविलेली पद्धत, जी त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून प्रसिद्ध आहे, ती शेण कमी असलेल्या शेतकऱ्यास अधिक सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशी विटांची टाकी बांधून भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवतात. तीत सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण व १७५० किलो चाळलेली कोरडी माती यांचे थर पाणी शिंपडीत भरतात व वरून शेणमातीने लिंपतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. केवळ शंभर किलो शेणावर एवढे खत मिळते, हा तिचा विशेष होय.

ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांनी राबडी उन्हात वाळवू नये, कारण वाळताना तिच्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. ती काडीकचऱ्याच्या खड्ड्यात थराथराने ओतावी किंवा पाटाच्या पाण्याबरोबर पिकास द्यावी. साध्या उकिरड्याचा खड्डाही पावसाच्या पाण्याने तुंबू देऊ नये. भोवती बांध घालून वर मातीचा थर द्यावा. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात हवा शिरत नाही, खत कुजण्याऐवजी नासते व मिथेन सुटतो.

राख खड्ड्यात टाकण्याची चाल सर्वत्र आहे, ती मोडली पाहिजे. राख क्षारधर्मी असल्यामुळे शेणमूत्राशी मिसळताच नत्र उडून जाण्यास साहाय्य करते. ती निराळ्या, कोरड्या जागी साठवावी. भाजीपाल्यावरील माव्यावर सकाळच्या दवात धुरळण्यास आणि घरच्या कडधान्याच्या बियाण्यात मिसळण्यास तिचा चांगला उपयोग होतो. उरलेली राख केळी व नारळाच्या आळ्यात घालावी. जमीन चुनखडीची किंवा खारवट असल्यास मात्र बेताने.

प्लास्टिक, काच व औषधांच्या बाटल्या खत होणाऱ्या केरात मिसळू देऊ नयेत. महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या घरात येत राहतात व उकिरड्यावरून गुरांच्या पोटात जातात. केर झाडतानाच एक पोते निराळे ठेवावे, एवढाच याचा उपाय.

मोरीचे पाणी

२०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून घरोघरी नळ येत आहेत. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच माणसांच्या घरी २७५ लिटर पाणी येते व त्यातील सुमारे दोनशे लिटर मोरीतून बाहेर पडते. पाणी आणण्याची योजना झाली. ते नेण्याची योजना बहुतेक घरांनी केलेली नाही. साचलेल्या घाण पाण्यात क्यूलेक्स जातीचे डास वाढतात. स्वच्छ पाण्याच्या उघड्या हौदात वाढणारे डेंग्यूचे डास निराळे, म्हणून आठवड्यातून एक दिवस हौद व रांजण कोरडे करणेही तितकेच आवश्यक आहे.

परसात जागा असल्यास सांडपाणी प्रथम एका लहान कुंडीतून न्यावे. तीत खरकटे, तेलकट थर व गाळ अडतो. पुढे ते सरीने केळी, अळू, पपई व शेवगा यांस द्यावे. कोथिंबीर, मेथी, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस हे पाणी देऊ नये. साबणातील सोडियममुळे एकाच जागची माती कालांतराने घट्ट होते, म्हणून दर हंगामात सरी बदलावी व शेणखत द्यावे.

जागा नसल्यास शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव अशा खड्ड्यांमुळे राज्यभर ओळखले गेले. तेथे उघड्या गटारांऐवजी घरोघरी खड्डे करण्यात आले. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी ठेवून भोवती दगडगोटे भरतात व मोरीची नळी टाकीत सोडतात. मुरमाड जमिनीत हा खड्डा उत्तम चालतो. भारी काळ्या जमिनीत पाणी मुरण्यास फार वेळ लागतो, व पावसाळ्यात खड्डा तुंबून पाणी पुन्हा अंगणात येते. अशा ठिकाणी खड्ड्याचा आग्रह न धरता परसबागेचाच मार्ग घ्यावा. विहीर किंवा हातपंप यांच्याजवळ खड्डा खणू नये. संडासाचे पाणी या खड्ड्यात सोडू नये. गाळ अडविणारी कुंडी दर पंधरा दिवसांनी उपसावी व निघालेला गाळ खताच्या खड्ड्यात टाकावा. ही कुंडी नसेल तर दगडांमधील फटी वर्षभरात चिकट गाळाने बुजतात आणि सर्व दगड काढून, धुऊन पुन्हा भरावे लागतात.